मोटारीतील वीज आणि तिच्या दुखण्यांचा शोध



इसवी सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम या गावाहून एक बाई आपल्या दोन मुलग्यांना घेऊन माहेरी निघाल्या. माहेर फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरांवर. माहेरी जाणे ही काही इतिहासाने दखल घ्यावी अशी गोष्ट नव्हे. परंतु या बाईंनी घोडागाडी केली नाही की आगगाडीचे तिकीट काढले नाही. नवऱ्याने तयार केलेली तीन चाकांची मोटारगाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि त्या वाटेला लागल्या. बाईंचे नाव बर्था बेंझ. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून ही हकीगत सर्वत्र सांगितली जाते. मात्र तिच्यातील एक बारीकसा तपशील आपण ऐकून सोडून देतो. वाटेत तेलाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची तार उघडी पडली तेव्हा पायमोज्याचा बंद काढून तो तिच्यावर गुंडाळला. मोटारीतील विजेचे दुखणे रस्त्यावर ओळखून रस्त्यावरच बरे केल्याची ही पहिली प्रसिद्ध हकीगत होय.

त्या गाडीत विजेला काम एकच होते, ठिणगी पाडण्याचे. आज अमेरिकेतील केंटकी राज्यात लुइव्हिल येथे जो भारी कामाचा पिकअप ट्रक तयार होतो, त्यात इंजिन, गिअर, ब्रेक, दिवे, दारे, मागे जोडावयाचा ट्रेलर या सर्वांवर देखरेख करणारे छोटे छोटे संगणक बसविलेले असतात आणि ते तारांवरून एकमेकांशी अखंड बोलत असतात. असा कोरा करकरीत ट्रक एखाद्या शेतकऱ्याने किंवा कंत्राटदाराने कर्ज काढून घ्यावा, आणि आठ-पंधरा दिवसांत एखाद्या सकाळी किल्ली फिरवताच समोरच्या फळीवर दहा-बारा तांबडे-पिवळे दिवे लागावेत, इंजिन मात्र हूं की चूं करू नये, असा प्रसंग येतो. मालक गोंधळतो. गाडी जुनी असती तर त्याने झिजेला दोष दिला असता. नव्या गाडीत बिघाड कसा, आणि तो शोधावयाचा कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट इतिहासात जाऊन पोहोचतो. मोटारीतील विजेचा इतिहास हा एका परीने काटकसरीचा इतिहास आहे. प्रत्येक पिढीतील कारागिरांनी तार वाचविली. आणि वाचविलेल्या प्रत्येक तारेबरोबर एक दुखणे डोळ्यांआड गेले. ते पुन्हा डोळ्यांसमोर आणावयास माणसाने काय काय केले, हेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

पहिली काटकसर मोटारीच्या जन्माच्या पुष्कळ आधीची, तारायंत्राच्या काळातील आहे. वीज ही जाऊन परत येणारी वस्तू आहे. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला प्रवाह काम करून दुसऱ्या टोकाशी परत पोहोचला तरच तो वाहतो. वाटेत कोठेही खंड पडला की सारेच थांबते. म्हणून आरंभी तारायंत्राला दोन तारा लागत, एक जाण्याची व एक येण्याची. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाला असे आढळले की परतीची तार मुळी ताणावयासच नको. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले म्हणजे खुद्द पृथ्वीच परतीची वाट होते. निम्मी तार वाचली. या जमिनीवरून इंग्रजीत त्या जोडाला 'अर्थ' हे नाव पडले, आणि पुढे मोटारीत जमिनीच्या जागी गाडीचा लोखंडी सांगाडा आला तरी नाव तेच राहिले. आपल्याकडील मिस्त्रीही तोच शब्द वापरतो. 'साहेब, अर्थ लागत नाही,' असे तो म्हणतो तेव्हा त्याला एका नटबोल्टाविषयी बोलावयाचे असते. परंतु मराठी कानाला त्या वाक्यात आणखी काही ऐकू येते, आणि तेही खोटे नसते.

तारायंत्रवाल्यांनीच जगाला बिघाड शोधण्याचे शास्त्र दिले, आणि त्याची किंमतही मोजली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली केबल जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला संदेश अवघा ९८ शब्दांचा होता; तो पलीकडे पोहोचावयास सुमारे सोळा तास लागले. केबल दुबळी होती हे उघड झाले. विल्यम थॉमसन या प्राध्यापकाचे म्हणणे असे की क्षीण प्रवाह ओळखू शकेल असे नाजूक उपकरण वापरावे व धीराने मोजमाप करावे. त्याने तसे आरशाचे उपकरण तयारही केले होते. परंतु कंपनीचा विद्युत्-तज्ज्ञ व्हाइटहाउस (हा मूळचा शल्यवैद्य) याने केबलीवर सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब चढविला. आधीच अशक्त असलेले वेष्टण त्या माराने अधिकच खचले आणि काही आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली. टिकाऊ केबल व्हावयास १८६६ साल उजाडावे लागले. दुखणे कोठे आहे हे मोजल्यावाचून औषधाचा मारा करू नये, हा धडा समुद्राच्या तळाशी इतका महाग पडला. आजही कित्येक गाड्यांवर तोच प्रयोग होतो. एक बॅटरी बदला, ती नाही तर ऑल्टरनेटर बदला, तोही नाही तर संगणकाची पेटी बदला. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि दुखणे होते तेथेच राहते.

मोजावयाचे कसे, याचे सूत्र त्याआधीच सापडलेले होते. गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली दाखवून दिले की दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते ठरलेले असते. प्रवाहाला रोधाने गुणले की तेवढा दाब खर्च होतो. त्याच्या देशबांधवांनी प्रथम या शोधाकडे पाठ फिरविली. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ साली त्याला आपले कॉप्ली पदक दिले. हे एक वाक्य ज्याला नीट समजले त्याला मोटारीतील निम्मी दुखणी समजली असे म्हणावयास हरकत नाही. ते कसे, हे पुढे येईलच.

आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींना बॅटरीचा भरवसा नव्हता. श्टुटगार्टचा रॉबर्ट बॉश याने १८८६ साली कार्यशाळा काढली आणि मॅग्नेटो नावाचे यंत्र सुधारले. इंजिनाच्याच फिरण्याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण व्हावी आणि ठिणगी पडावी, अशी त्याची योजना. १९०२ साली त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि ठिणगीचा प्रश्न पुष्कळसा सुटला. राहिला तो हँडल मारण्याचा प्रश्न. ज्यांनी जुन्या मोटारीला हँडल मारले आहे किंवा मारताना पाहिले आहे, त्यांना त्यातील धोका सांगावयास नको. इंजिन उलटे फिरले की हँडलचा फटका बसे आणि मनगट मोडे.

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग याने हा प्रश्न सोडविला. मोटारीच्या धंद्यात येण्यापूर्वी तो दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात होता, आणि तेथे त्याने गल्ला उघडणारी छोटी विजेची मोटर तयार केली होती. त्या कामात त्याच्या ध्यानात आले होते की मोटरीला क्षणभरच काम करावयाचे असेल तर ती लहान असूनही तिच्याकडून मोठा जोर काढून घेता येतो. हीच कल्पना त्याने इंजिनाला लावली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ-स्टार्टर आला. हँडल गेले, बायकामाणसांना व वृद्धांना मोटार चालविणे सोपे झाले. पण त्याबरोबर बॅटरी गाडीत कायमची राहावयास आली, तिला भरणारा डायनॅमो आला, विजेचे दिवे आले, आणि क्षणभर का होईना, शेकडो अँपिअरांचा लोंढा गाडीच्या सांगाड्यातून परत येऊ लागला. श्टाइनहाइलच्या काटकसरीची येथे खरी कसोटी लागली. एवढ्या लोंढ्याची परतीची वाट म्हणजे काय? दोन-तीन बोल्ट, एक जाडशी पट्टी, आणि त्यांच्याखाली स्वच्छ असलेला किंवा नसलेला धातू.

हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' या नव्या सोयी घ्यावयास बरीच सावकाश तयार झाली. १९१५ पासून तिला विजेचे पुढचे दिवे मिळाले, परंतु ते मॅग्नेटोवर चालत. त्यामुळे इंजिन जोरात फिरले की दिवे झगझगत आणि चढणीवर गाडी मंदावली की तेही मंदावत. नेमका रस्ता दिसावयास हवा तेव्हाच अंधार. सेल्फ-स्टार्टर तिला १९१९ साली मिळाला. याच गाडीच्या मागे माल ठेवण्याची उघडी पेटी बसवून फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यात तयार झालेली पहिली पिकअप विकावयास काढली; किंमत २८१ डॉलर. तोपर्यंत शेतकरी गावच्या सुताराकडून पेटी बनवून घेत. आपल्याकडेही ही विद्या लवकरच आली. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे शेव्हरोलेट गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि १९४४ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे डॉज व फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. केटरिंगच्या विद्येचा धागा असा आपल्या गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातापर्यंत येऊन पोहोचला.

त्या हातात पुढे एक अमोल साधन आले. ब्रिटिश पोस्ट खात्यात डोनल्ड मॅकाडी नावाचा अभियंता होता. तारायंत्राच्या व टेलिफोनच्या कामासाठी प्रवाह, दाब आणि रोध मोजावयास त्याला तीन वेगवेगळी उपकरणे बाळगावी लागत. त्या कटकटीला कंटाळून त्याने तिन्ही मोजणारे एकच उपकरण बनविले. अँपिअर, व्होल्ट आणि ओम यांची आद्याक्षरे घेऊन त्याला 'अ‍ॅव्हो' हे नाव मिळाले आणि १९२३ साली ते बाजारात आले. पोस्टमनाच्या झोळीप्रमाणे पोस्टातून निघालेले हे मीटर घरोघर नाही तरी कार्यशाळेकार्यशाळेत पोहोचले.

मीटर हाती असूनही माणूस फसतो, आणि ते कसे हे सांगणे हाच माझ्या व्याख्यानाचा गाभा आहे. समजा, बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत गेलेल्या जाड केबलीतील बहुतेक धागे आतल्या आत कळंक चढून तुटले आहेत. एक-दोनच शिल्लक आहेत. इंजिन बंद असताना केबलीच्या पलीकडच्या टोकाला मीटर लावले तर ते पूर्ण १२.६ व्होल्ट दाखविते. मिस्त्री म्हणतो, 'वीज तर येते आहे, मग स्टार्टरच गेला असला पाहिजे.' त्याचे अनुमान चुकले, कारण मीटर जवळजवळ प्रवाह मागतच नाही. न वाहणाऱ्या पाण्याला अरुंद बोगदा अडवीत नाही. तो अडवितो तो लोंढ्याला. ओमचे सूत्र येथे कामी येते. डिझेल इंजिनाचा स्टार्टर ४०० अँपिअर मागत असेल आणि एखाद्या जोडात एका ओमचा फक्त दोनशेवा हिस्सा रोध असेल, तर ४०० ला ०.००५ ने गुणून २ व्होल्ट त्या एका जोडातच जिरतात. बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला, आणि इंजिन मात्र कण्हते.

म्हणून जाणता कारागीर वीज वाहत असतानाच मोजतो. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर ठेवून तो दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगतो. परतीची वाट स्वच्छ असेल तर मीटर फार तर व्होल्टाचा पाचवा हिस्सा दाखविते. एक-दीड व्होल्ट दिसला की त्या दोन सळयांच्या मध्येच कोठे तरी चोर आहे. मग सळई एकेक जोड पुढे सरकवीत जावयाची. खांब आणि त्यावरील टर्मिनल, टर्मिनल आणि केबल, केबल आणि सांगाडा, सांगाडा आणि इंजिन. ज्या पावलाला आकडा उडी मारतो तो जोड दोषी. या पद्धतीत काही सोडावे-जोडावे लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही. जाणाऱ्या वाटेचीही हीच परीक्षा. परंतु बहुतेकजण जाणारी वाट तपासतात आणि येणारी विसरतात, कारण ती तारेच्या रूपाने दिसतच नाही. निम्मे मंडल सांगाड्यात लपलेले असते.

पुढचा काळ बदलांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिने मोठी झाली, दिवे व रेडिओ वाढले, आणि सहा व्होल्टांची व्यवस्था अपुरी पडू लागली. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेतील बहुतेक गाड्या बारा व्होल्टांवर आल्या. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो, तार बारीक चालते आणि जोडातील नुकसान कमी होते. १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर दिला. सिलिकनचे डायोड हाताशी आल्यामुळेच हे साधले. इंजिन सावकाश फिरत असतानाही तो बॅटरी भरतो, आणि 'मॉडेल टी'च्या मंदावणाऱ्या दिव्यांची तक्रार त्याने अखेर मिटविली. दाब वाढविण्याची ती जुनी युक्ती अजून संपलेली नाही. २०२३ च्या अखेरीस टेस्ला कंपनीने विकावयास काढलेल्या विजेच्या पिकअपमध्ये दिवे-काचा इत्यादींसाठी ४८ व्होल्टांची व्यवस्था आहे.

दुसरी मोठी काटकसर १९८० नंतरच्या दशकात झाली. गाडीत संगणक शिरू लागले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडावयाचे तर तारांचा भारा मनगटाएवढा होऊ लागला. बॉश कंपनीत १९८३ साली यावर काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत 'कॅन' ही पद्धत जाहीर झाली. पिळलेल्या अवघ्या दोन तारा गाडीभर फिरवावयाच्या आणि सर्व संगणकांनी पाळीपाळीने त्यांवर बोलावयाचे. स्वस्थ असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात; कोणी बोलू लागला की एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते. बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो, म्हणून त्यांच्यातील फरक शाबूत राहतो आणि संदेश बिघडत नाही. १९९१ साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत ही पद्धत प्रथम आली. आज गावच्या मालवाहू पिकअपमध्येही ती आहे.

गंमत अशी की या आधुनिक व्यवस्थेची पहिली परीक्षा जुन्या ओमच्याच सूत्राने होते. दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओमांचा एकेक रोध बसविलेला असतो. सर्व वीज बंद करून मीटर लावले तर दोन्ही मिळून ६० ओम दिसावयास हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा कोठे तरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या शिक्षकाचे सूत्र काल कारखान्यातून निघालेल्या ट्रकला अजून लागू पडते.

संगणक आले तसे गाडी स्वतःच आपले दुखणे सांगू लागली. याची सुरुवात धुरापासून झाली. लॉस एंजलिसच्या धुरकट हवेने त्रस्त झालेल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून असा नियम केला की धूर-नियंत्रणातील बिघाड गाडीने स्वतः ओळखून दिवा लावावा. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व मोटारी व हलक्या ट्रकांना एकच सोळा पिनांचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे संकेतांक आले. संकेताचे पहिले अक्षर 'पी' असेल तर इंजिन व गिअर, 'बी' असेल तर बॉडी, 'सी' असेल तर ब्रेक-स्टिअरिंगसारख्या गोष्टी, आणि 'यू' असेल तर संगणकांची आपसातील बोलचाल. सोय मोठी झाली, पण एक गैरसमजही रुजला. संकेतांक हा रोगाचे नाव आहे असे लोक समजू लागले. वस्तुतः ती रोग्याची तक्रार असते. 'पोट दुखते' असे रोगी म्हणाला म्हणून वैद्य पोट बदलीत नाही.

आता आरंभीच्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. त्याच्या ट्रकने एकदम दहा-बारा दिवे लावले आहेत आणि पाच संगणक 'शेजाऱ्याचा आवाज येत नाही' अशी तक्रार करीत आहेत. पाच पेट्या एका रात्रीत बिघडणे अशक्यप्राय आहे. पाचांना मिळून जे एक लागते तेच कोठे तरी कमी पडले असले पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न बॅटरीला विचारावा. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. अशा डिझेल ट्रकांत बहुधा दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात. एक आजारी असली तर ती दुसरीला शोषून घेते, म्हणून दोन्ही वेगळ्या करून तपासाव्या लागतात. दुसरा प्रश्न परतीच्या वाटेला. नव्या गाडीत झीज नसते, पण जोडणीतील चूक असू शकते. अर्थच्या टर्मिनलखाली रंग राहून गेलेला, बोल्ट अर्धवट आवळलेला, प्लगचा खटका न बसलेला, तार कोठे चिमटलेली. शिवाय २०१७ पासून अशा एका प्रसिद्ध ट्रकाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची व सांगाडा पोलादाचा झाला. दोन भिन्न धातू एकत्र आले आणि उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाचे पाणी मध्ये शिरले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. वरून न दिसणारा जोड तेथे आपल्या घरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांसारखाच बिघडतो.

तिसरा प्रश्न मालकालाच विचारावा : गाडी घेतल्यावर तुम्ही काय काय जोडून घेतले? जादा दिवे, भोंगा, विंच, ट्रेलरचे सॉकेट. कित्येकदा दुखणे कारखान्याचे नसून त्यानंतरच्या हौसेचे असते. चौथा प्रश्न रात्रीचा. गाडी उभी असताना संगणक काही वेळाने झोपी जातात आणि मग साऱ्या गाडीने मिळून अँपिअरचा विसावा हिस्सा, म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी अशी अपेक्षा असते. त्याऐवजी एखादा संगणक जागाच राहिला आणि एक अँपिअर घेत बसला, तर दिवसाला २४ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी गार पडते. येथेही जुनी घाई नडते. फ्यूज काढून पाहू गेले की झोपलेले जागे होतात किंवा जागे असलेले झोपतात, आणि चोर निसटतो. म्हणून फ्यूज तसाच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मीटर लावावे. फ्यूजमधून वीज वाहत असेल तर तेथे सूक्ष्म का होईना दाब दिसतोच.

पाचवा प्रश्न कागदपत्रांना. त्याच दुखण्याने इतर गाड्याही आजारी असतील तर निर्मात्याने दुरुस्तीची सूचना काढलेली असू शकते, किंवा सुरक्षेचा प्रश्न असल्यास गाड्या परत बोलावलेल्या असतात. नव्या गाडीच्या मालकाने हमीच्या मुदतीत तारा कापून पाहू नयेत. कोणत्या वेळी, कशा हवेत, ट्रेलर जोडलेला असताना की नसताना दिवे लागले, एवढे वहीत टिपून ठेवावे. बऱ्या कारागिराला अशी वही नव्या सुट्या भागापेक्षा अधिक उपयोगी पडते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ मिस्त्र्यांचा नाही. हे प्रश्न गाडीला विचारावयाचे तरी कोणी? तार डोळ्यांना दिसत होती तोवर ज्याची गाडी तो तिला विचारू शकत होता. आता पुष्कळ उत्तरे संगणकात बंद असतात आणि त्यांची किल्ली निर्मात्याकडे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली प्रचंड बहुमताने असा कौल दिला की अधिकृत कार्यशाळेला मिळणारी तपासणीची माहिती व साधने गावच्या स्वतंत्र कारागिरालाही मिळाली पाहिजेत. २०२० साली त्यांनी बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीबाबतही पुन्हा तोच कौल दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-निर्मात्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला; सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मोकळेपणी मिळू न देणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या.

निर्मात्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. ब्रेक व स्टिअरिंग संगणकाच्या हाती गेल्यावर ती दारे कोणालाही सताड उघडी ठेवता येणार नाहीत. चोराचिलटांचाही विचार करावा लागतो. परंतु सुरक्षेसाठी कुलूप लावणे वेगळे आणि दुखण्याचे कारण मालकापासून दडवून ठेवणे वेगळे. या दोहोंमधील रेघ कोठे ओढावयाची, हा येत्या काळातील एक महत्त्वाचा नागरी प्रश्न आहे, आणि तो केवळ तज्ज्ञांवर सोपविण्यासारखा नाही. भाजीचा ट्रक पहाटे बाजारात पोहोचला नाही तर नुकसान तज्ज्ञाचे होत नाही.

बर्था बेंझ बाईंच्या हाती मीटर नव्हते, संकेतांकांचे पुस्तक नव्हते. त्यांनी तार पाहिली, ती कोठे उघडी पडली आहे हे ओळखले, आणि तेवढाच भाग झाकला. बाकी गाडीला हात लावला नाही. आजची तार सांगाड्यात आणि संगणकात लपली आहे, म्हणून आपल्याला ती मीटरच्या काट्यातून पाहावी लागते; परंतु पाहणे, ओळखणे आणि तेवढेच दुरुस्त करणे हा क्रम बदललेला नाही. वीज निघते तेथेच परत येते. तिच्या परतीची वाट ज्याने शेवटपर्यंत चालून पाहिली, त्यालाच तिच्या दुखण्याचा अर्थ लागतो.